गोड्या पाण्याच्या गावातून खाऱ्या पाण्याची कुलपं: परदेशी बोटसफरीसाठी नाशिकच्या बाजारात काय घ्यावं, काय टाळावं

नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानात "बोटीसाठी कुलूप पाहिजे" म्हटलं की काउंटरवर शटरचं कुलूप येतं. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. इथे बोट म्हणजे गंगापूर धरणावरचा बोट क्लब, आणि पाणी गोदावरीचं, गोडं. तिथे शटरचं कुलूप वर्षानुवर्षं चालेल. तेच कुलूप ग्रीसच्या किंवा कॅरिबियनच्या एखाद्या खाडीत नांगरलेल्या बोटीवर काही आठवड्यांत असं जाम होतं, की चोराआधी मालकालाच कटर शोधावा लागतो.

हा आढावा दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, जे आठ-पंधरा दिवसांसाठी परदेशात शिडाची बोट भाड्याने घेतात. दुसरे, जे कुणाच्या बोटीवर हाताखाली खलाशी म्हणून दोन-तीन महिने जातात. चोरी रोखायचं बरंचसं सामान नाशिकमध्ये मिळतं किंवा करून घेता येतं, आणि परदेशी मरिनातल्या (बोटी लावायच्या तळावरच्या) दुकानापेक्षा स्वस्त पडतं. काही वस्तू मात्र इथून नेणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि एक-दोन तर थेट कायद्याच्या कचाट्यात नेणाऱ्या.

चोर नेतो काय

मोठी बोट क्वचित जाते. जाते ती डिंगी, म्हणजे नांगरावरच्या बोटीपासून किनाऱ्यापर्यंत ये-जा करायची हवेची होडी. त्याहून जास्त जातं ते तिच्या मागचं आउटबोर्ड इंजिन. आठ ते पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन कुठल्याही देशातल्या छोट्या मासेमारी होडीला बसतं, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पंधराचं टू-स्ट्रोक साधारण पस्तीस-चाळीस किलोचं, फोर-स्ट्रोक पन्नासच्या आसपास. डिंगीच्या मागच्या फळीवर ते नुसत्या दोन स्क्रू-क्लॅम्पवर बसलेलं असतं. क्लॅम्प हाताने सुटतात, पान्याचीही गरज नाही.

कॅरिबियनमध्ये फिरणाऱ्या बोटवाल्यांचा जुना मंत्र आहे: उचला, कुलूप लावा, नाहीतर विसरा. त्यात कुलपाचा नंबर दुसरा आहे. रात्री डिंगी शिडाच्या दोराने बोटीच्या कुशीला माणूसभर उंच टांगायची, पाणी निघायचं बूच उघडं ठेवायचं, म्हणजे पावसाने ती भरून जड होत नाही. त्यासाठी तीन टोकांची दोरी लागते: दोन टोकं मागच्या फळीला, एक पुढच्या कडीला. ही दोरी आणि चार शॅकल (पिनने बंद होणाऱ्या यू-आकाराच्या कड्या) इथूनच बांधून नेली तर पहिल्या संध्याकाळपासून वापरता येते. भाड्याच्या बोटीवर ती असेलच असं नाही.

कुलूप दुसरं असलं तरी लागतंच, आणि त्याचं एक कारण विमा हेही आहे. बोटींच्या विम्यात ज्यांचा आधार घेतला जातो त्या 'इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस'मध्ये (१९८५) आउटबोर्डच्या चोरीची भरपाई एकाच अटीवर आहे: इंजिन नेहमीच्या क्लॅम्पखेरीज आणखी एखाद्या चोरीविरोधी साधनाने बोटीला किंवा डिंगीला कुलूपबंद असलं पाहिजे. बोटीतलं सामान गेलं, तर जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. उकाड्यामुळे उघड्या ठेवलेल्या छतावरच्या झडपेतून लॅपटॉप गेला, तर दावा तिथेच अडतो. भाड्याच्या बोटीवर डिंगी आणि इंजिन बऱ्याचदा तुमच्या डिपॉझिटवर असतात. तेव्हा सही करण्याआधी करारातलं 'टेंडर' आणि 'आउटबोर्ड' हे शब्द असलेलं कलम शोधून वाचा. 'टेंडर' म्हणजे डिंगीच.

साखळी की तार

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

नाशिकमध्ये साखळी किलोवर विकली जाते. ८ मिमी जाडीची आखूड कड्यांची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते, म्हणजे तीन मीटरला सव्वाचार किलो. विमानाच्या सामानात हे वजन टोचतं. 'एसएस' म्हणून जे हातात पडतं ते बऱ्याचदा २०२ किंवा जे-४ जातीचं असतं: निकेल कमी, मँगनीज जास्त. बंगल्याच्या गेटला, जिन्याच्या रेलिंगला हेच वापरतात आणि नाशिकच्या कोरड्या हवेत ते छान चकाकतं. समुद्रावर त्याला आधी चहासारखे डाग पडतात आणि मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. ३०४ त्यापेक्षा बरं, पण क्लोराइडसमोर तेही हरतं. समुद्राला लागतं ते ३१६. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खरा फरक तेच पाडतं. ३१६ चा भाव ३०४ च्या साधारण दीडपट असतो.

"लोहचुंबक लावून बघा, चिकटत नाही म्हणजे अस्सल," असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते सोडून द्या. २०२, ३०४ आणि ३१६ तिन्ही चुंबकाला जवळपास सारखाच थंड प्रतिसाद देतात, आणि वाकवलेल्या किंवा ओढलेल्या जागी तिन्ही थोडी चिकटू शकतात. चुंबकाने लोखंड ओळखता येतं, ग्रेड नाही. ग्रेडसाठी मॉली टेस्टचा थेंब असतो. भंगाराचे आणि स्टीलचे व्यापारी तो बाळगतात. घासलेल्या जागेवर थेंब टाकून बॅटरी लावली की मॉलिब्डेनम असल्यास गुलाबी-लालसर छटा येते. त्याहून पक्कं हवं तर अंबड किंवा सातपूर एमआयडीसीच्या भागातल्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये पीएमआय गनने धातूची मूलद्रव्यं काही सेकंदांत कळतात. तीन मीटर साखळीसाठी एवढा खटाटोप जास्त वाटेल, पण खाली सांगितलेली जाळी करून घेणार असाल तर सळई आणि साखळी दोन्ही एकाच फेरीत तपासून होतात.

लॅबचा खर्च टाळायचा असेल तर घरच्या घरी करता येणारी चाचणी अशी. एका लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकंच खारट पाणी. साखळीचा तुकडा रोज अर्धा तास त्यात बुडवायचा, मग न धुता गच्चीवर उन्हात वाळवायचा. असं दहा दिवस करायचं. सतत बुडवून ठेवू नका. ओलं-सुकं, ओलं-सुकं यानेच खरी परीक्षा होते, कारण सुकताना मीठ दाट होत जातं. डाग आधी कड्यांच्या वेल्डपाशी येतो. नजर तिथे ठेवा.

आता अडचण अशी, की ३१६ गंजत नसलं तरी मऊ असतं. ३६ इंची बोल्ट कटर ८ मिमीची कडी तोडतो. पाणी दिलेल्या कडक पोलादाची साखळी कटरला दाद देत नाही, पण तिचा जस्ताचा मुलामा उडाला की ती गंजते आणि डिंगीच्या रबरावर तांबडे पट्टे ओढते. दोन्ही गुण एकाच साखळीत स्वस्तात मिळत नाहीत. यातून निवड कशी करायची? धक्क्यावर भर दिवसा चोराकडे तीन फुटी कटर सहसा नसतो. तो सुटं काय आहे ते बघत फिरतो. तिथे ३१६ पुरे. रात्रीसाठी साखळीवर भरवसा ठेवायचाच नसतो, डिंगी उचलायची असते.

आठवड्याच्या सफरीला साखळीऐवजी ६ मिमीची ७×१९ विणीची ३१६ तार घ्या. ही वीण लवचीक असते, हाताने वेटोळं होतं, आणि साडेचार मीटरला पाऊण किलोही भरत नाही. साध्या पकडीने ती तुटत नाही. केबल कटरने तुटते, हे मान्य करूनच घ्यायची. पीव्हीसी चढवलेली तार मात्र नको. आवरणाला कुठेतरी चीर पडते, खारं पाणी आत शिरतं आणि तिथेच राहतं. बाहेरून तार नवी दिसते, आतून धागे गेलेले असतात. उघड्या तारेने डिंगीचं रबर घासू नये म्हणून नाशिककरांच्या हाताशी एक फुकटासारखा उपाय आहे: ठिबकची १६ मिमीची कोरी लॅटरल. तार त्यात सैल सरकते, संध्याकाळी बाहेर ओढून गोड्या पाण्याने धुता येते. मरिनातल्या दुकानातलं तयार कव्हर याहून सरस नसतं. फक्त ड्रिपर बसवलेली नळी घेऊ नका, तार अडकते.

तारेच्या टोकांचे फास हा नाजूक भाग. द्राक्षाच्या मांडवाला वापरतात तसले यू-बोल्टचे बुलडॉग क्लॅम्प दुकानदार सुचवतो. मांडव ताणायला ते उत्तम. कुलपाच्या कामाला निरुपयोगी, कारण एका पान्याने नट सुटतात आणि चोराला तार कापावीही लागत नाही. दाबून बसवलेली फेरूल, म्हणजे फास धरून ठेवणारी धातूची नळीच हवी. ती ॲल्युमिनियमची नको: स्टेनलेस तार, ॲल्युमिनियम आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली, त्यात ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. तांब्याची फेरूल मागा. नाशिकमध्ये ती चटकन मिळत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला वायररोपवाले समोर दाबून देतात. फासात थिंबल (आतून आधार देणारी धातूची खोबण) घालायला सांगा, नाहीतर फास कुलपाच्या कडीपाशी चेपतो.

तारेची लांबी साडेचार मीटरपेक्षा कमी नको. आखूड बांधलेली डिंगी गर्दीच्या धक्क्यावर इतरांना अडते, आणि भरती-ओहोटी असलेल्या जागी पाणी उतरलं की लटकते. तार ओवायची अशी: इंजिनाच्या ब्रॅकेटमधून, पेट्रोलच्या टाकीच्या मुठीतून, मागच्या फळीला आरपार बोल्ट केलेल्या कडीतून आणि मग धक्क्याच्या लोखंडी कडीला. डिंगीच्या पुढची कडी रबराला नुसती चिकटवलेली असते. फक्त तिलाच तार बांधली तर चाकूच्या एका फटक्याचं काम, मग तार कितीही महागाची असो.

कुलूप

पितळी, सात लिव्हरचं, ५० ते ६० मिमी रुंदीचं भारतीय कुलूप शरीराने समुद्राला टिकतं. घोळ कडीत असतो. कडी पोलादाची, वर क्रोमचा मुलामा. मुलामा सुटला की ती जिथे कुलपात शिरते तिथेच गंज धरते, आणि आतली पोलादी स्प्रिंग त्याहून आधी जाते. 'मरीन' म्हणून विकली जाणारी, पितळी शरीर आणि ३१६ ची कडी असलेली कुलपं नाशिकच्या दुकानात दिसत नाहीत. ऑनलाइन मागवावी लागतात. पंधरा दिवसांच्या सफरीसाठी साधं पितळी कुलूप पुरतं. दोन महिन्यांसाठी मरीनच घ्या. कडी ८ मिमीहून बारीक नको. बऱ्याच इंजिनांच्या क्लॅम्पच्या मुठींना भोकं असतात. दोन्ही मुठी आत वळवून समोरासमोर आणल्या की अशी कडी आरपार जाते. त्यासाठी वेगळं, लांब कडीचं एक कुलूप ठेवा.

रबरी टोपडं घातलेली कुलपं पावसासाठी असतात. समुद्रावर ते टोपडं खारं पाणी धरून ठेवतं. काढून टाका. आकड्यांची कुलपं किल्ली हरवणाऱ्यांना मोहात पाडतात, पण मिठाने चकत्या अडकतात आणि अंधारात आकडे दिसत नाहीत. वंगणाच्या बाबतीत आपल्याकडे पेन्सिलीचं शिसं किंवा ग्राफाइट पावडर टाकायची सवय आहे. ती इथे उलटी पडते: ग्राफाइट खाऱ्या पाण्यात धातूशी जोडी जमवून गंज वाढवतं. आठवड्यातून एकदा कुलूप गोड्या पाण्याच्या भांड्यात बुडवून दहा-बारा वेळा उघडझाप करावी, झटकून वाळवावं, मग सिलिकॉनचा किंवा टेफ्लॉनचा फवारा. लावताना किल्लीचं भोक खाली राहील असं टांगायचं.

चार कुलपं लागतील: डिंगीची तार, इंजिन, केबिनचा दरवाजा, डेकवरची पेटी. चारही एका किल्लीची मागा. कंपन्या अशी जुळी देतात, दुकानदाराला आठवडाभर आधी सांगावं लागतं. किल्लीला बुचाचा किंवा थर्मोकोलचा गोळा बांधा. पितळी किल्ली पाण्यात पडली की गोट्यासारखी तळाशी.

जाळी: एमआयडीसीवाल्यांचं खरं कसब

रात्री चोर चढतो तो केबिनमध्ये उतरण्याच्या जिन्यावरच्या दरवाजाने किंवा छतावरच्या झडपेतून. गरम प्रदेशात सगळं बंद करून झोपणं अशक्य, म्हणून दरवाजा उघडा आणि जाळी बंद, हा मार्ग. स्वतःची किंवा मित्राची बोट असेल तर ही जाळी नाशिकमध्ये करून घ्यावी अशी आमची ठाम शिफारस आहे. अंबड-सातपूरचे फॅब्रिकेटर स्टेनलेसच्या कामात मुरलेले आहेत. पण त्यांना चार गोष्टी स्वतः सांगाव्या लागतात.

माप कागदावर पाठवू नका, ६ मिमी प्लायचा साचा पाठवा. बोटीच्या दरवाजाच्या बाजू समांतर नसतात, वरून खाली निमुळत्या होत जातात. कागदावरच्या लांबी-रुंदीवरून केलेली जाळी बसत नाही.

१२ मिमीचा ३१६ सळईचा गज, दोन गजांमधलं अंतर १० ते ११ सेंटिमीटर. फट जितकी मोठी, तितका हात सहज आत येतो आणि खिट्टी शोधतो.

वेल्डिंगची रॉड ३१६एल. आणि ग्राइंडरला नवी चकती. साध्या लोखंडावर फिरवलेली चकती स्टेनलेसवर फिरली की लोखंडाचे कण त्यात रुततात, आणि चांगल्या ३१६ लाही महिन्यात गंज फुटतो. मग दोष मालाला मिळतो. वेल्डपाशी आलेली निळी-तपकिरी झाक पिकलिंग पेस्टने काढून नीट धुवायला सांगा. "पॉलिश मारून देतो" म्हणाले तर नको म्हणा. पॉलिशने झाक दिसेनाशी होते, पण तिच्याखालचा क्रोमियम कमी झालेला थर अर्धामुर्धा तसाच राहतो.

चौथी गोष्ट जिवाची. जाळीला आतून कुलूप लावू नका. आत आग लागली आणि किल्ली सापडली नाही, तर जाळी म्हणजे पिंजरा. आतून सरकणारी जाड खिट्टी हवी, ती गजांमधून हात घालून पोचणार नाही इतकी लांब किंवा कोपऱ्याच्या आडोशाला, पण झोपेतल्या माणसाला अंधारात चाचपून एका ओढीत उघडता येईल अशी. बाहेरच्या बाजूला कडी-कोयंडा असेल तर रात्री त्यात आतूनच एक पिन अडकवून ठेवा, नाहीतर बाहेरचा माणूस तुम्हालाच आत कोंडून सावकाश डेक साफ करेल. झडपांची मापं पाहा: बऱ्याच बोटींवर ५० बाय ५० सेंटिमीटरची झडप असते आणि तेवढ्यातून सडपातळ माणूस सहज उतरतो.

भाड्याच्या बोटीत भोक पाडता येत नाही. तिथे सरकत्या झडपेच्या खोबणीत अडकवायला लाकडी दांडका, मापावर तिथेच कापायचा. सुताराकडून ३ सेंटिमीटर चौरस सागवानी पट्टी दीड फुटाची करून न्या. काम भागतं.

अलार्म

एमजी रोडला आणि ऑनलाइन दोन-तीनशेच्या घरात मिळणारा चुंबकी दाराचा अलार्म या सगळ्या सामानातला सगळ्यात किफायतशीर तुकडा आहे. एका भागात रीड स्विच, दुसऱ्यात चुंबक. दोघांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर अंतर पडलं की किंचाळतो. दोन घ्या, एक दरवाजाला, एक पुढच्या झडपेला. पाकिटावर १२० डेसिबल लिहिलेलं असतं त्याला भुलू नका: तो आकडा १० सेंटिमीटरवरून मोजलेला असेल, तर मीटरभर अंतरावर तो शंभर होतो. झोपलेल्याला उठवायला तेवढा पुरतो, चोराला बहिरा करायला नाही. सोबत येणारा दुहेरी टेप दमट हवेत दोन दिवसांत सुटतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून व्हीएचबी टेप लावा. बटण-सेलच्या पत्र्यांना व्हॅसलीनचा बारीक हात द्या, नाहीतर हिरवा गंज चढून एके रात्री तो गप्प बसतो. संध्याकाळी लावताना एकदा वाजवून बघायचा.

डेकवर लावायचे हालचाल टिपणारे पीआयआर सेन्सर मात्र निराश करतात. ते उष्णतेतला फरक पाहतात. हेलकावणारी बोट, मावळतीला तापलेलं डेक, रेलिंगवर उतरलेला पक्षी, सगळ्यालाच ओरडतात, आणि तिसऱ्या रात्री माणूस वैतागून बंद करतो. त्याऐवजी पिन ओढल्यावर वाजणारा महिलांच्या सुरक्षेचा अलार्म घ्या. डेकवर चढायच्या जागी, पाऊण फूट उंचीवर, माशाचा गळ टाकायची तंगूसची दोरी आडवी बांधून तिला पिन जोडायची. वाऱ्याने वाजत नाही, पायाने वाजतो. बोटीवरच्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

ट्रॅकर

दुचाकीला आणि ट्रॅक्टरला लावायचा जीपीएस ट्रॅकर नेऊ नका. त्यात भारतातलं तेरा आकडी एम-टू-एम (यंत्रांसाठीचं) सिम असतं. ते बहुधा परदेशात चालत नाही, आणि बरेच ट्रॅकर टू-जीवर चालतात, जे अनेक देशांनी बंद केलं आहे. ब्लूटूथ टॅग आजूबाजूच्या लोकांच्या फोनवर अवलंबून. निर्जन खाडीत फोनच नसतात, आणि गावात असतात तेव्हा टॅग आपल्यासोबत फिरतोय असं चोराच्याच फोनवर येतं. बॅगेत टाकायला ठीक. इंजिनासाठी शून्य.

हे सामान विमानात चढवूच नका

मिरपूड स्प्रे आपल्याकडे मेडिकलमध्येही मिळतो, म्हणून लोक सहज टाकतात. ब्रिटनमध्ये तो बाळगणं बंदुकीच्या कायद्याखाली गुन्हा आहे, कॅनडातही प्रतिबंधित हत्यार. बोटीने देशोदेशी फिरणार असाल तर प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, तेव्हा नकोच. संकटाचे फ्लेअर स्फोटक म्हणून कुठल्याही सामानात चालत नाहीत. ते बोटीवर असतातच. नसले तर बोट घेऊ नका. गॅसचा भोंगाही नाही. तोंडाने फुंकायचा प्लास्टिकचा भोंगा न्या.

सॅटेलाइट मेसेंजर किंवा इरिडियम-थुराया फोन परदेशात बोटीवर उत्तम साधन आहे, पण ते परवानगीशिवाय भारतात आणणं-वापरणं बेकायदा आहे आणि विमानतळावर अशी साधनं सापडल्याने लोक ताब्यात घेतले गेले आहेत. तिकडे भाड्याने घ्या, तिकडेच परत करा. 'फक्त एसओएसचं बटण आहे हो' हे स्पष्टीकरण तिथे चालत नाही.

पैसे आणि कागद

आरबीआयच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशात वापरापुरती चालू मिळतात. परदेशी व्यवहार ॲपमधून स्वतः चालू करायचे, रोजची मर्यादा कमी ठेवायची, आणि ओटीपीसाठी सिमचं रोमिंग निघण्याआधी चालू करून बघायचं. रोकड तीन ठिकाणी वाटा. एक जुनं पाकीट, त्यात मुदत संपलेलं कार्ड आणि वीस-तीस डॉलर, चार्ट टेबलवर (सागरी नकाशे पसरायच्या टेबलावर) उघड्यावर. मागितलं तर तेच द्यायचं. तांदळाच्या डब्यात पैसे लपवायची आजीची जागा आता सगळ्या जगाला माहीत आहे. पासपोर्टची मूळ प्रत बोटीवर, रंगीत झेरॉक्स खिशात, स्कॅन मेलवर. पासपोर्ट गेलाच तर आधी स्थानिक पोलिसांचा अहवाल, मग आपला दूतावास. लगेच परतायचं असेल तर तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते एकाच दिशेचं, भारतात परतण्यापुरतं. पुढची सफर संपली.

डिंगीवर मोठ्या बोटीचं नाव रंगवू नका. धक्क्यावर बांधलेली डिंगी मग सगळ्यांना सांगते की अमुक बोटीवर आत्ता कुणी नाही.

चोर समोर आला तर

बंदूक हा उपाय नाही. न्यूझीलंडचे सर पीटर ब्लेक, अमेरिकाज कप दोनदा जिंकून देणारे दर्यावर्दी, डिसेंबर २००१ मध्ये ॲमेझॉनच्या मुखाशी नांगरलेल्या बोटीवर चढलेल्या सशस्त्र टोळीसमोर रायफल घेऊन उभे राहिले आणि मारले गेले. लुटारूंनी नेलं त्यात एक पंधरा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड होतं.

आवाज झाला की आतूनच सगळे दिवे, भोंगा, आरडाओरडा. डेकच्या दिव्याचं बटण झोपायच्या जागेपासून हाताच्या अंतरावर हवं. बोट ताब्यात घेतानाच ते कुठे आहे ते पाहून ठेवा. चोराला पळायला वाट मोकळी ठेवा आणि पाठलाग करू नका. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर जीवाला धोका असेल तरच 'मेडे', नाहीतर 'पॅन-पॅन', सोबत बोटीचं नाव आणि जागा. डीएससी (बटणाने आपोआप संकटसंदेश पाठवायची सोय) असलेल्या रेडिओत लाल झाकणाखालच्या बटणाआधी संकटाचा प्रकार निवडता येतो, त्या यादीत 'पायरसी' वेगळी असते. एकदा मेन्यूत जाऊन कुठे आहे ते बघा, बटण न दाबता.

एडनचं आखात, तांबडा समुद्र, सोमालियाचा किनारा या बाजूला जायचा विचार असेल, तर वरचं एकही कुलूप कामाचं नाही. जहाज कंपन्यांच्या संघटनांनी हिंदी महासागराचा 'अति जोखमीचा भाग' हा शिक्का १ जानेवारी २०२३ ला काढला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'रुएन' जहाज पळवलं गेलं. आपल्या नौदलाने मार्च २०२४ मध्ये ते सोडवलं तेव्हा ३५ चाचे शरण आले. तिथे शिडाच्या बोटीने जायचंच नाही, बोट मालवाहू जहाजावर चढवून न्यायची.

परत आल्यावर

सामान बॅगेतून काढून तसंच माळ्यावर टाकलं की पुढच्या वेळी कुलूप उघडत नाही. तार ठिबकच्या नळीतून ओढून काढा, साखळी आणि कुलपं कोमट गोड्या पाण्यात रात्रभर बुडवा, सकाळी पाणी बदलून पुन्हा तासभर. पहिल्या पाण्याची चव घेतली तर अजून खारट लागेल. ते मीठ कड्यांच्या आतून येतं. वाळल्यावर सुती पिशवीत टांगून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि जिरेनियमच्या कुंड्यांशेजारच्या ओल्या कोपऱ्यात तर मुळीच नको. अलार्ममधले सेल काढून वेगळे ठेवा.